'डेमोक्रसी' शब्दातला देमोस कोण आणि क्रातोस कशाचा?

प्रश्न असा आहे: 'डेमोक्रसी' हा शब्द नेमका कुठून आला, 'लोकांचे राज्य' हाच त्याचा मूळ अर्थ का, आणि तो सुरुवातीला विरोधकांनी हिणवायला काढलेला शब्द होता असे म्हणतात ते खरे का? प्राचीन ग्रीक इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या शब्दावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. शब्द ग्रीक आहे, देमोक्रातिया. 'देमोस' अधिक 'क्रातोस'. तो अथेन्समध्ये रुळला, बहुधा इ.स.पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात. 'लोकांचे राज्य' हा अर्थ चूक नाही, पण तो इतका गुळगुळीत झाला आहे की मूळ शब्दाची धार त्यात उरत नाही. 'देमोस' म्हणजे कोण, हे ग्रीक माणसाला दोन तऱ्हेने ऐकू येत होते. 'क्रातोस' म्हणजे नुसते राज्य नव्हते. आणि आज आपण जिला या शब्दाचा प्राण समजतो ती निवडणूक मूळ शब्दात कुठेच नव्हती. ती त्याला चिकटली अठराव्या शतकाच्या अखेरीस.

'देमोस'पासून सुरुवात करू, खरी मेख तिथेच आहे. हा शब्द अथेन्सच्या राज्यपद्धतीपेक्षा सुमारे सातशे वर्षांनी जुना आहे. ग्रीसच्या नैर्ऋत्येला पायलॉस येथे एक राजवाडा होता. इ.स.पू. १२०० च्या सुमारास तो जळाला, आणि त्या आगीत कारकुनांच्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजून निघाल्या म्हणून टिकल्या. त्यांवरची लिपी, जिला 'लिनिअर बी' म्हणतात, मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. त्यातल्या एका पाटीवर जमिनीच्या तंट्याची नोंद आहे. एरिथा नावाची पुजारीण म्हणते, माझ्याकडची जमीन देवाची, तिचा दर्जा वेगळा. 'दामोस' म्हणतो, तसे काही नाही, इतरांकडे असते तशीच ही साधी कसायला दिलेली जमीन आहे. दामोस हे देमोसचेच जुने रूप. ही पाटी मला फार मोलाची वाटते. हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो एखाद्या तत्त्वज्ञाच्या व्याख्येत भेटत नाही. जमीन सामाईक धरून असलेला गावगाडा, आणि त्याने एका मातब्बर बाईसमोर धरलेला हेका, असा तो भेटतो. अनेक भाषाशास्त्रज्ञ 'देमोस'चे नाते 'वाटणे' या अर्थाच्या धातूशी लावतात. वाटून घेतलेली जमीन, मग त्या जमिनीवरची वस्ती, मग त्या वस्तीतली माणसे, असा तो अर्थ सरकत गेला असावा.

होमरच्या काव्यात 'देमोस' म्हणजे मुलूखही आणि त्या मुलखातली रयतही. पण त्या रयतेत सरदार धरायचे की नाहीत? इलियडच्या दुसऱ्या सर्गात ग्रीक सैन्य ट्रॉयचा वेढा सोडून घराकडे जहाजांच्या दिशेने धावत सुटते, तेव्हा त्यांच्यातला एक राजा ओडिसियस त्यांना दोन तऱ्हांनी थोपवतो. एखादा राजा किंवा नावाजलेला पुरुष भेटला की त्याच्याजवळ उभा राहून गोड शब्दांत समजावतो. 'देमोसमधला माणूस' आरडाओरडा करताना सापडला की राजदंडाने हाणतो आणि गप्प बैस, तुझ्यापेक्षा थोर आहेत त्यांचे ऐक, असे सुनावतो. इथे देमोस म्हणजे सगळे लोक नव्हेत. सरदार वजा जाता उरलेले ते लोक.

अथेन्सच्या काळापर्यंत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदू लागले होते. सभेचे ठराव दगडावर कोरले जात. त्यांचा ठरलेला मायना असा: 'परिषदेला आणि देमोसला असे योग्य वाटले की…' इथे देमोस म्हणजे सभेत जमलेले नागरिक, म्हणजेच अख्खे राज्य. पण तोच शब्द एखादा उमराव बोलताना वापरी तेव्हा त्याचा अर्थ होई हातावर पोट असलेले, आमच्यातले नसलेले, संख्येने पुष्कळ असलेले ते. भरीस भर म्हणून एका गावाला किंवा वाडीलाही देमोसच म्हणत. अ‍ॅटिका या अथेन्सच्या प्रदेशात असे १३९ देमोस होते, आणि अथेन्सच्या नागरिकाची ओळख त्याच्या नावाबरोबर त्याच्या देमोसच्या नावाने होई. एकच शब्द गावाला, गरिबांना, सभेला आणि राष्ट्राला. म्हणून 'देमोसचा क्रातोस' असे कोणी म्हणाले की लगेच प्रश्न उभा राहतो: सगळ्यांचा सगळ्यांवर, की गरिबांचा श्रीमंतांवर? पुढची अडीच हजार वर्षे या शब्दावरून जी भांडणे झाली त्यांतली बरीचशी याच एका दुव्यावर झाली, असे माझे मत आहे.

आता 'क्रातोस'. जोर, ताकद, पकड, झुंजीत मिळालेली सरशी, हा त्याचा परिवार. प्राचीन कवी हेसिअडच्या देववंशावळीत क्रातोस हा एक देवच आहे. स्टिक्स नदीचा मुलगा, आणि त्याची भावंडे म्हणजे विजय, ईर्ष्या आणि बळजबरी. ही चौघे कायम झ्यूसच्या शेजारी बसतात. त्या घरात वाढलेला शब्द सौम्य असणे शक्य नाही. मराठीत मला त्याला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'वरचष्मा'.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ग्रीकांकडे राज्यपद्धतींची नावे घडवायला दोन शेपट्या होत्या. एक 'आर्खे', म्हणजे अधिकारपद, हुकमत, आरंभ. तिच्यापासून मोनार्खिया, एकाची सत्ता, आणि ओलिगार्खिया, थोड्यांची सत्ता. दुसरी 'क्रातोस', तिच्यापासून अरिस्तोक्रातिया, थोरांची सत्ता, आणि देमोक्रातिया. मग 'देमार्खिया' का नाही? एक साधे कारण असे की ते नाव आधीच अडकलेले होते. देमार्खोस म्हणजे एका देमोसचा, म्हणजे वाडीचा, मुखिया. देमार्खिया म्हणजे त्याची मुखियागिरी.

पण काही अभ्यासक यापलीकडे जातात. इतिहासकार जोसाया ओबर यांनी मांडले आहे की 'मोनो' आणि 'ओलिगोइ' हे शब्द माणसे मोजतात, एक किंवा थोडी, आणि 'आर्खे' ही ठरावीक पदे असतात, ती किती जणांच्या हाती आहेत हे त्या नावांतून कळते. 'देमोस' मात्र आकडा नाही. 'पुष्कळांची सत्ता' असेच म्हणायचे असते तर ग्रीक भाषेत 'पुष्कळ' या अर्थाचा साधा शब्द होता, 'पोल्लोइ'. तो कोणी वापरला नाही. त्यामुळे देमोक्रातिया म्हणजे बहुमताचे राज्य नव्हे, तर देमोसने एकत्र येऊन कामे तडीस नेण्याची कुवत, असे ओबर यांचे म्हणणे. मला हा अर्थ आकर्षक वाटतो आणि बराचसा पटतोही, पण क्रातोसमधली सरशीची छटा त्यांनी जरा जास्तच पुसली असे वाटते. ज्या शब्दाच्या भावंडांत बळजबरी आहे तो ऐकताना अथेन्सच्या धनिकाला 'सामूहिक कुवत' नक्कीच सुचली नसणार.

शब्द पहिल्यांदा कधी दिसतो? इथे एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. जिला आपण अथेन्सच्या लोकशाहीचा जन्म म्हणतो ती अथेन्सचा पुढारी क्लाइस्थेनीस याची सुधारणा इ.स.पू. ५०८-०७ मधली. त्याने जुन्या कुळांवर उभ्या असलेल्या चार जमाती मागे सारून दहा नव्या जमाती केल्या, आणि प्रत्येक जमातीत शहर, किनारा आणि आतला मुलूख असे तीन भाग गुंफले, जेणेकरून एखाद्या घराण्याला आपल्या पंचक्रोशीतली माणसे घेऊन जमात खिशात घालता येऊ नये. पण त्या वेळी या व्यवस्थेला देमोक्रातिया म्हणत असल्याचा पुरावा नाही. त्या पिढीच्या ओठांवर शब्द होता 'इसोनोमिया', म्हणजे सर्वांना सारखा नियम, सारखा वाटा. इ.स.पू. ५१४ मध्ये हार्मोडियस आणि अरिस्टोगीटन यांनी हुकूमशहा हिप्पियासचा भाऊ हिप्पार्खस याला मारले. मेजवान्यांत त्यांच्यावरची गाणी म्हणत, आणि त्यांत त्यांचे कौतुक असे की त्यांनी अथेन्स 'इसोनोम' केले. देमोक्रातिक केले असे नाही.

'देमोस' आणि 'क्रातोस' एकमेकांजवळ येताना दिसतात ते नाटकात. नाटककार ईस्किलसच्या आश्रय मागणाऱ्या मुलींच्या नाटकात, जे साधारण इ.स.पू. ४६३ चे मानले जाते, आर्गोस या ग्रीक शहराचा राजा त्या मुलींना आसरा देण्याचा निर्णय एकट्याने घ्यायला तयार होत नाही, लोकांसमोर ठेवतो. मुलींचा बाप सभेतून परततो तेव्हा मुली विचारतात, देमोसचा वरचढ ठरणारा हात कुठल्या बाजूला जास्त भरला? आणि बाप सांगतो, उजव्या हातांनी आकाश शहारून गेले. हात वर करून मत देण्याचे हे चित्र आहे, आणि त्या ओळीत देमोस आणि क्रातोसचे क्रियापद शेजारी शेजारी बसले आहेत. वृत्तात 'देमोक्रातिया' हा जोडशब्द मावला नसेल, पण कवीने तो ऐकलेला होता असे मला मनापासून वाटते. आणखी एक बारीक पुरावा माणसांच्या नावांचा. प्लेटोच्या एका संवादातल्या लायसिस या मुलाच्या बापाचे नाव देमोक्रातेस. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात घरात मुलाचे नाव असे ठेवले जात असेल, तर तो शब्द हवेत होता आणि त्याला वाईट वास नव्हता.

गद्यात तो शब्द ठसठशीत भेटतो इतिहासकार हिरोडोटसकडे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. क्लाइस्थेनीसने अथेन्सला 'जमाती आणि देमोक्रातिया' दिली, असे तो लिहितो. त्याच्याच ग्रंथात तीन इराणी सरदार राज्य कसे चालवावे यावर वाद घालतात असा प्रसिद्ध प्रसंग आहे. त्यातला ओतानेस बहुतांच्या सत्तेची बाजू घेतो, पण त्या भाषणात 'देमोक्रातिया' उच्चारत नाही. तो म्हणतो, या सत्तेचे नाव सगळ्यांत सुंदर आहे, इसोनोमिया. पुढे हिरोडोटस स्वतः या भाषणाची आठवण देतो तेव्हा मात्र ओतानेसने इराणात देमोक्रातिया आणा असे सुचवले होते, असे बिनदिक्कत लिहितो. एकाच लेखकाच्या हातून वकिली करताना गोड नाव निघाले आणि नुसते वर्णन करताना रोकडे.

इथेच तो शिवीचा प्रश्न येतो. शब्द विरोधकांनी काढला असे म्हणणाऱ्यांचा आधार असा: क्रातोसमध्ये दांडगाई आहे, देमोसमध्ये 'खालचे लोक' हा अर्थ आहे, दोन्ही जोडले की 'झुंडीची दादागिरी' ऐकू येते. आणि या राज्यपद्धतीवर आपल्या हाती आलेला सगळ्यात जुना स्वतंत्र गद्य निबंध खरोखरच एका विरोधकाचा आहे. तो झेनोफन या ग्रीक लेखकाच्या लिखाणात मिसळून आला, पण झेनोफनचा नाही. अभ्यासक या अनामिक लेखकाला 'जुना ओलिगार्क' म्हणतात. त्याला अथेन्सची व्यवस्था मुळीच पसंत नाही. तरीही तो फार प्रामाणिकपणे कबूल करतो की इथे गरिबांना आणि देमोसला थोरामोठ्यांपेक्षा जास्त मिळते हे रास्तच आहे, कारण जहाजे वल्हवणारा देमोस आहे आणि शहराला ताकद त्याच्यामुळे आहे. मग तो सुकाणूवाले, वल्हेकऱ्यांचे मुकादम, पुढची टेहळणी करणारे, जहाज बांधणारे सुतार अशी माणसे मोजतो. क्रातोसचा अर्थ समजून घ्यायला मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही. इथे लोकांची सत्ता एखाद्या हक्काच्या जाहीरनाम्यातून येत नाही, ती वल्ह्याच्या दांड्यातून येते. नौदलाशिवाय शहर चालत नाही आणि वल्हेकऱ्यांशिवाय नौदल.

तरीही शब्द शिवी म्हणून जन्मला, हे मला पटत नाही. पोराचे नाव देमोक्रातेस ठेवणारा बाप, हिरोडोटसचा सरळ वापर, आणि पुढे राज्याने स्वतः कायद्यात घेतलेला हा शब्द, हे सगळे त्या तर्काच्या विरोधात जाते. एवढे मात्र खरे की दोन कान तो दोन तऱ्हेने ऐकत होते, आणि त्याचे समर्थकही जपून बोलत. इतिहासकार थ्युसिडिडीजने इ.स.पू. ४३१ च्या हिवाळ्यात अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याने युद्धातल्या मृतांसाठी केलेले भाषण दिले आहे. त्यात पेरिक्लीज म्हणतो की कारभार थोड्यांसाठी नव्हे तर बहुतांसाठी चालतो म्हणून आमच्या व्यवस्थेला नाव देमोक्रातिया असे आहे. आणि लगेच दुसरी बाजू जोडतो: पण खाजगी तंट्यांत कायद्यापुढे सगळे सारखे आहेत आणि सार्वजनिक मान ज्याच्या त्याच्या गुणाप्रमाणे मिळतो. नाव असे, पण आम्ही तसे नाही हो, असा श्रीमंत श्रोत्यांना दिलेला दिलासा त्या वाक्याच्या ठेवणीत आहे. २००३ मध्ये युरोपीय संघाच्या नियोजित संविधानाच्या मसुद्यात हेच वाक्य अग्रभागी घातले होते, पण पुढचे 'पण' गाळून आणि 'सत्ता बहुसंख्यांच्या हातात' असा अर्थ करून. नंतर ते अवतरण काढून टाकले गेले.

अ‍ॅरिस्टॉटल या बाबतीत सगळ्यांपेक्षा स्पष्ट बोलतो, म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी तोच वाचायला देते. तो म्हणतो, ओलिगार्खिया आणि देमोक्रातिया यांतला खरा फरक संख्येचा नाही, संपत्तीचा आहे. समजा एखाद्या शहरात श्रीमंत जास्त आणि गरीब थोडे आहेत आणि सत्ता श्रीमंतांकडे आहे, तर ती ओलिगार्खियाच. श्रीमंत सगळीकडे थोडे असतात आणि गरीब सगळीकडे पुष्कळ, म्हणून संख्या मध्ये येते इतकेच. त्याच्या मते सर्वांच्या हितासाठी बहुतांनी चालवलेल्या राज्याचे नाव वेगळे, 'पोलितेइया', आणि देमोक्रातिया हे त्याचे बिघडलेले रूप. म्हणजे चौथ्या शतकातल्या सगळ्यात तल्लख निरीक्षकाच्या कोशात हा शब्द दोषाचा होता, आणि त्याच वेळी त्याच शहराचा तो अधिकृत अभिमान होता.

त्याच अ‍ॅरिस्टॉटलचे दुसरे वाक्य आजच्या वाचकाला धक्का देते: अधिकारपदे चिठ्ठीने वाटणे हे देमोक्रातियाचे लक्षण, आणि निवडून देणे हे ओलिगार्खियाचे. कारण उघड आहे. निवडणुकीत नाव असलेला, पैसा असलेला, बोलता येणारा माणूस पुढे येतो. चिठ्ठी माणसाचे घराणे पाहत नाही. अथेन्समध्ये पाचशेंची परिषद दरवर्षी चिठ्ठीने भरे, प्रत्येक जमातीतून ५०, आणि आयुष्यात दोनदाच बसता येई. सभेचे आणि परिषदेचे अध्यक्षपद चिठ्ठीने एका दिवसासाठी. निवडणूक होई ती मुख्यतः जिथे कसब लागे अशा पदांसाठी, उदाहरणार्थ दहा सेनापती. पेरिक्लीज वर्षामागून वर्षे वरचढ राहिला तो त्याच पदाच्या जोरावर.

न्यायालयांचे पंच निवडायचे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे, कारण शब्दाचा अर्थ तिथे दगडात दिसतो. त्याला 'क्लेरोतेरिओन' म्हणत. उभी शिळा, तिच्यावर बारीक खाचांच्या ओळी आणि रांगा, बाजूला वरून खाली जाणारी नळी. प्रत्येक पंचाकडे ब्राँझची, पुढे लाकडाची, हातभर नव्हे तर बोटभर लांबीची पट्टी असे. तिच्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, देमोसचे नाव. सकाळी पट्ट्या खाचांत बसवत. मग नळीत पांढरे आणि काळे ठोकळे मिसळून ओतत आणि खालून एकेक सोडत. पांढरा पडला की ती आडवी ओळ अख्खी त्या दिवसाच्या कामावर. काळा पडला की ओळीतले सगळे घरी. कोणाला कुठल्या खटल्यावर बसायचे हे सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नसे, त्यामुळे लाच कोणाला द्यायची हेच कळत नसे. २०१, ४०१, ५०१ अशा मोठ्या संख्येने पंच बसत. पेरिक्लीजने त्यांना दिवसाचे दोन ओबोल (छोटी नाणी) सुरू केले, नंतरचा पुढारी क्लिऑन याने तीन केले, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसालाही बसणे परवडावे. अशा शिळांचे अवशेष अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहेत. ब्राँझच्या त्या पट्ट्या कबरींतही सापडल्या आहेत. काहींवर आधीचे नाव ठोकून पुसलेले आणि नवे कोरलेले दिसते. माणसांनी आपली पंचपदाची पट्टी सोबत नेली, यावरून तिची किंमत त्यांना काय वाटत होती ते कळते.

या देमोसमध्ये कोण नव्हते हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. स्त्रिया नव्हत्या. गुलाम नव्हते. पिढ्यान् पिढ्या शहरात राहून कर भरणारे परके नव्हते. इ.स.पू. ४५१ च्या पेरिक्लीजच्या कायद्याने तर आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, अशी वाट आणखी अरुंद केली. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक साधारण तीस हजार धरतात. 'सगळे लोक' हा अर्थ म्हणजे इतकाच. 'त्या काळी असेच होते' म्हणून हे झटकून टाकू नये असे मला वाटते, कारण देमोसची सीमा कुठे आखायची हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे.

इ.स.पू. ४११ आणि ४०४ मध्ये दोनदा थोड्यांनी सत्ता बळकावली, दोनदा देमोसने ती परत घेतली. त्यानंतर शब्द पवित्र झाला. इ.स.पू. ३३७-३६ मध्ये युक्रातेस नावाच्या नागरिकाने कायदा मांडला की जो कोणी देमोसविरुद्ध उठेल, हुकूमशाही आणेल किंवा अथेन्सचा देमोस आणि देमोक्रातिया मोडेल, त्याला मारणारा निर्दोष. ती शिळा १९५२ मध्ये उत्खननात सापडली. वर कोरीव चित्र आहे: आसनावर बसलेला दाढीवाला वयस्क पुरुष, म्हणजे देमोस, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवणारी स्त्री, म्हणजे देमोक्रातिया. तिला देवी मानून बळीही दिले जात. आणि इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाचा सेनापती अँटिपेटर याने अथेन्समध्ये २,००० द्राख्मांची मालमत्ता असलेल्यांनाच राजकीय हक्क ठेवले. शिळा उभी केल्याला पंधरा वर्षेच झाली होती.

पुढचा दीड हजार वर्षांचा प्रवास भरभर सांगते. ग्रीक शहरे राजांच्या छायेत गेली तशी देमोक्रातिया म्हणजे 'राजा नसलेले, आपला कारभार आपण पाहणारे शहर' एवढाच अर्थ राहिला. इतिहासकार पॉलिबियसने चांगल्या रूपाला देमोक्रातिया ठेवले आणि बिघडलेल्याला 'ओख्लोक्रातिया', झुंडशाही, हे नाव दिले. इ.स. दुसऱ्या शतकात एलियस अरिस्टायडीस हा ग्रीक वक्ता रोमन साम्राज्यालाच एका उत्तम पुरुषाच्या हाताखालची साऱ्या पृथ्वीची देमोक्रातिया म्हणतो. तेव्हा शब्दात काहीच उरले नव्हते. बायझंटाइन, म्हणजे पुढच्या पूर्व रोमन साम्राज्यातल्या, लेखकांकडे तर रथशर्यतींच्या गटांची शहरातली दंगल म्हणजे देमोक्रातिया. पश्चिम युरोपात तो परतला तेराव्या शतकात, मोर्बेकेच्या विल्यमने अ‍ॅरिस्टॉटलचे राज्यशास्त्र लॅटिनमध्ये आणले तेव्हा. भाषांतर न करता त्याने शब्द तसाच 'देमोक्रातिया' ठेवला. अर्थ मात्र अ‍ॅरिस्टॉटलचाच आला, म्हणजे गरिबांची बिघडलेली राजवट. म्हणून पुढची पाचशे वर्षे युरोपातला शिकलेला माणूस स्वतःला डेमोक्रॅट म्हणवून घेत नाही. अपवाद तुरळक. १६४१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या वसाहतीने आपली व्यवस्था 'डेमोक्रसी म्हणजेच लोकांचे सरकार' आहे असे नोंदवले, तो त्यांपैकी एक.

निवडणूक आणि हा शब्द एकत्र आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि तेही भांडत. १७८७ मध्ये अमेरिकेच्या संविधानाच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन, याने शुद्ध डेमोक्रसी आणि रिपब्लिक यांत फरक केला. पहिलीत नागरिक स्वतः जमून कारभार करतात आणि ती सदा गोंधळाची असते. दुसरीत निवडलेले प्रतिनिधी कारभार करतात, आणि आम्हाला दुसरी हवी. अमेरिकेच्या संविधानात डेमोक्रसी हा शब्दच नाही. राज्यांना हमी आहे ती 'रिपब्लिकन' शासनपद्धतीची. त्याचा सहकारी हॅमिल्टन याने मात्र १७७७ मध्येच एका पत्रात 'प्रातिनिधिक डेमोक्रसी' अशी जोडी वापरली होती. थॉमस पेनने १७९२ मध्ये डेमोक्रसीवर प्रतिनिधित्वाचे कलम करा असे लिहिले. आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीचा नेता रोबेस्पिअर याने सांगितले की डेमोक्रसी म्हणजे लोकांनी सतत जमून सगळे स्वतः करणे नव्हे. जे स्वतःला नीट करता येते ते लोक स्वतः करतात, जे येत नाही ते प्रतिनिधींकडून करून घेतात. त्या मांडणीने शब्दाचे पारडे फिरले. अ‍ॅरिस्टॉटलने ज्या निवडणुकीला ओलिगार्खियाची खूण म्हटले होते तीच आता डेमोक्रसीची खूण झाली. लिंकनचे १८६३ चे गेटिसबर्गचे भाषण आज डेमोक्रसीची व्याख्या म्हणून सांगतात, पण त्यात तो शब्द नाही. १९१७ मध्ये वुड्रो विल्सन जग डेमोक्रसीसाठी सुरक्षित केले पाहिजे म्हणाला, तेव्हा शब्दाला उघड शत्रू असण्याचे दिवस संपत आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांकडून या शब्दावर उत्तरे मागवली, आणि १९५१ मध्ये ती छापली तेव्हा एकानेही डेमोक्रसीच्या विरोधात मत दिलेले नव्हते. भांडण उरले ते खरी कोणाची, एवढेच.

ज्या भाषेत हा शब्द जन्मला तिथे आज काय आहे, हेही पुष्कळदा विचारले जाते. आधुनिक ग्रीकमध्ये 'दिमोक्रातिया' हा शब्द डेमोक्रसीलाही आहे आणि रिपब्लिकलाही. देशाचे अधिकृत नाव 'एलिनिकी दिमोक्रातिया', ज्याचे बाहेर भाषांतर हेलेनिक रिपब्लिक असे होते. त्यामुळे मॅडिसनने केलेला फरक ग्रीकमध्ये त्या एका शब्दाने सांगता येत नाही, मागे विशेषण जोडावे लागते. १९५२ च्या ग्रीक संविधानाने राज्यपद्धतीला 'राजा असलेली दिमोक्रातिया' म्हटले होते. डिसेंबर १९७४ मध्ये सार्वमत झाले, राजा गेला, आणि ते विशेषणही गेले.